निवळ आणि निव्वळ

अक्का, सैदापेटच्या तुझ्या घरात भिंतीवर जो फोटो लागलाय तो मी केलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला ते तुला कळेल. काल तुझं तेरावं झालं, आणि मी रडायचं सोडून जळत बसलेय. तुला नवल वाटणार नाही. मी, विद्या, अक्कावर जळते हे नुंगंबाक्कमच्या आपल्या फोटो स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं, समोरच्या चहावाल्यालासुद्धा. तू त्यावर हसायचीस, आणि त्याने मी आणखी जळायचे.

तू कुठे जन्मलीस, काय शिकलीस, कुठे कुठे नोकरी केलीस, ते मी लिहिणार नाही. ते तुझा भाऊ गोपाळअण्णा सांगेल, त्याला सगळं पाठ आहे. मला आपलं भांडण पुरं करायचंय. तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

नवऱ्याला इथे गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सांगलीच्या फोटो लॅबमधली नोकरी सोडून मी त्याच्यामागून चेन्नईला आले. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. स्टुडिओच्या मालकांनी, आपल्या सरांनी, कामावर घेतलं, आतल्या खोलीत नेलं आणि तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हिच्याशी मराठीत बोल. दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, मध्ये एक खांब. एका खुर्चीत तू, सुती साडीत, वेणीत मोगरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मूळची म्हणजे काय गं? तंजावरची," तू म्हणालीस. "आणि तुम्ही काय म्हणतीस? तूं म्हण. तुम्ही म्हटलं की पाठीमागं कोण येऊन उभं राहिलं ते वळून पाहावं लागतं."

तुझं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. सगळं म्हणायचं तिथे तू 'अस्की' म्हणायचीस, वाक्य संपलं की बरं म्हणावं तसं 'सेरी' ठेवून द्यायचीस, आणि अधूनमधून असा एखादा शब्द काढायचीस की जो आमच्याकडे आता कुणी बोलत नाही. तुला माझं मराठी ऐकून काय वाटायचं ते तू एकदाच सांगितलंस. म्हणालीस, "तूं बोलतीस तें वर्तमानपत्रासारखं वाटतं." मला ते फार लागलं होतं.

आपल्याकडे निम्मं काम भिंतीवरच्या फोटोंचं. घरातलं माणूस गेलं की लोक लग्नातला एखादा ग्रुप फोटो घेऊन यायचे, मागच्या रांगेतल्या एका डोक्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, एवढंच मोठं करून द्या. माझ्या पहिल्याच दिवशी असे एक आजोबा आले होते. म्हणजे त्यांचा मुलगा आला होता. आजोबांच्या मागे मांडवाचा अंधार होता. तू तुझ्या कामातून मान वर न करता म्हणालीस, "मागची सावली निवळ कर गं."

मी ऐकलं निव्वळ. निव्वळ सावली. म्हणजे नुसती सावली, दुसरं काही नको. मी उजेड-अंधार कमीजास्त करायची ती लेव्हल्सची खिडकी उघडली, त्यातला काळा त्रिकोण धरला आणि उजवीकडे ओढत नेला. मांडव गेला, कनात गेली, आजोबांच्या मागे उभं असलेलं कोणीतरी होतं तेही गेलं. गच्च काळ्यातून आजोबा एकटे पुढे आले. मला तर फारच छान वाटलं. तू येऊन बघितलंस आणि कपाळाला हात लावलास.

"एन्नडी, काय गं हे, अस्की काळं करून ठेवलीस?"

"तूच म्हणालीस ना, निव्वळ सावली कर म्हणून!"

तू इतकी हसलीस की सर बाहेरून डोकावले. "निव्वळ नव्हे गं, निवळ. पाणी निवळतं तसं. गढूळ पाणी हलवलं नाही की खालचं अस्की दिसतं ना? तसं. वरून उजेड ओतायचा नाही. आंत काय आहे तें दिसूं द्यायचं."

आमच्याकडे पाणी निवळतं, आभाळ निवळतं, सावली कुणी निवळवत नाही, असं मी तुला बजावलं. आणि वर म्हटलं, पण हे असंच चांगलं दिसतंय. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला विचारू. संध्याकाळी मुलगा आला आणि खूश होऊन माझाच फोटो घेऊन गेला. आपलं भांडण सुरू झालं ते त्या संध्याकाळी. चुकून ऐकलेल्या एका शब्दाची मी पुढे आवडच करून टाकली, हे तू साऱ्या रस्त्याला सांगत सुटलीस. खरंही होतं ते.

मला फोटोत दम लागतो, अक्का. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. बघणाऱ्याने लांबून बघितलं तरी माणूस उठून दिसला पाहिजे. तू म्हणायचीस, "काळं करायला काय लागतं? डोळे मिटले की काळंच की. तिथं काय होतं तें कळूं दे तरी." मी म्हणायचे, "काय असणार? खांब असेल नाहीतर बादली." तू म्हणायचीस, "असेल काहीतरी." बस. पुढे बोलायचीच नाहीस. भांडणात असं मध्येच थांबणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, कारण मग मी एकटीच ओरडत राहते.

आणि तुझी नजर! ती कुठून आणली होतीस? लेव्हल्सच्या खिडकीत तो डोंगरासारखा आलेख दिसतो, त्यात डावीकडे किती काळं साठलंय, उजवीकडे किती पांढरं, हे बघून मी त्रिकोण सरकवायचे. मला तेच शिकवलं होतं. तू ती खिडकी ढकलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवायचीस, अर्धी स्क्रीनच्या बाहेर, आणि फोटोच उलटा करायचीस, डोकं खाली पाय वर. "तोंड दिसलं की हात फसतो," म्हणायचीस. उलट्या माणसाकडे बघत मधला करडा त्रिकोण जरासा हलवायचीस, थांबायचीस, पुन्हा जरासा, आणि मग 'पोदुम' म्हणून हात मांडीवर. पुरे. पुन्हा सुलटा केला की तो माणूस आत्ताच खोलीत येऊन बसल्यासारखा दिसायचा.

तू जेवायला उठलीस की मी तुझ्या खुर्चीत बसून त्रिकोणांखालचे आकडे बघून घ्यायचे आणि माझ्या फोटोला लावायचे. माझी माणसं उकडलेल्या बटाट्यासारखी दिसायची. एकदा तू डबा विसरलीस म्हणून परत आलीस आणि मी तुझ्या खुर्चीत. डबा घेतलास, दारापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, "आकडे घेतलीस, सेरी. फोटो पण माझाच घ्यायचा होतास."

ती नवरी आठवते का, जिची आई तमिळमधून सारखी म्हणत होती, गोरी करा, जरा गोरी करा? मी असते तर करडा त्रिकोण ओढून मुलीला पिठासारखी करून दिली असती आणि मोकळी झाले असते. तू तिच्या चेहऱ्याला हातच लावला नाहीस. फक्त मागचा पडदा थोडा गडद केलास, मुलगी होती तशीच ठेवलीस, आणि ती आपोआप उजळ दिसायला लागली. आईचं समाधान झालं, मुलगी स्वतःला ओळखू आली. मी महिनाभर त्या आल्बमकडे बघितलं नाही. मुलगी पुढे बाळाचे फोटो काढायला आली तेव्हाही काउंटरवर पहिला प्रश्न तोच, "अक्का इल्लया?" अक्का नाहीत का? सगळेच तेवढं विचारायचे. तू रजेवर असलीस की 'अक्का इल्ले' म्हणताना मला कोण आनंद व्हायचा. तेवढ्यात समोरचा म्हणायचा, मग उद्या येतो.

आता दुसरं सांगते, जे सांगायचं राहून गेलं.

माझी आई गेली तेव्हा मी सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आले, कामावर बसले. तू माझ्याकडून माझ्या मावशीच्या लग्नाचा जुना फोटो मागून घेतलास. का, ते मी विचारलंही नाही. त्यात आई अगदी मागे, मांडवाच्या सावलीत उभी होती, डोळे आणि कपाळ तेवढं दिसत होतं. मी त्या फोटोतून तिला काढायचं कधी मनातही आणलं नव्हतं, कारण तिथे काही नाहीच असं मला वाटायचं. आठवडाभराने तू माझ्या टेबलावर प्रिंट ठेवलास. आईचा पूर्ण चेहरा होता. गळ्यातली काळी पोत होती. आणि सावलीतून तिचा हात बाहेर आला होता, त्या हातात माझी शाळेची पाण्याची बाटली. पुढच्या रांगेत फोटोला बसायचं म्हणून ती मी तिच्याकडे टाकून पळाले होते. मला ते मुळीच आठवत नव्हतं.

मी म्हणाले, "कॉन्ट्रास्ट कमी वाटतोय." तू म्हणालीस, "वाटेल." मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तू बाहेर उभी राहून कुणाला आत येऊ दिलं नाहीस, हे मला सरांनी नंतर सांगितलं. तुला थँक्यू म्हणायचं राहिलं, अक्का. दरवेळी ओठांवर यायचं आणि तेवढ्यात तू कुठलातरी फोटो इतका सुंदर करून ठेवायचीस की माझं तोंड पुन्हा कडू व्हायचं.

शेवटी शेवटी तू घरीच असायचीस. मी भेटायला यायचे तेव्हा आपण स्टुडिओत आलेल्या नव्या सपाट मॉनिटरवरून भांडायचो. तू म्हणायचीस, त्यात अस्की माणसं गोरी दिसतात, तो खोटं बोलतो. मी म्हणायचे, जुन्या डब्यापेक्षा बरा. मागच्या भेटीत तू दमलीस आणि म्हणालीस, "पुढच्या वेळी भांडूं." मी म्हटलं, "जिंकायला येईन."

तू गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझा फोटो उघडला. स्टुडिओत पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हा सरांनी फ्लॅशशिवाय कसा निघतो हे बघायला तुझा काढला होता तो. काउंटरच्या काचेच्या दारातून येणारा उजेड तुझ्या तोंडावर, आणि मागे आपल्या खोलीचा अंधार. त्या दिवशी आतली ट्यूबलाइट गेली होती. सरांनी मला सांगितलं, तूच कर. सरांनी सांगितलं नसतं तरी मीच केला असता. दुसऱ्या कुणाचा तो हक्कच नव्हता.

अक्का, मी तसं काम आजवर केलं नव्हतं. तुझ्या चष्म्यावरची चमक ठेवली, गालावरचा तीळ ठेवला, मोगऱ्याची एकेक कळी सोडवली. मागे खांबाची एक कड दिसत होती, ती काही बरी दिसेना. काळा त्रिकोण धरला आणि नेला उजवीकडे. गच्च, निव्वळ काळं. त्यातून तू एकटी उजळत पुढे आलीस. अस्की काळं करून ठेवलीस म्हणणारं कुणी नव्हतं. मी जिंकले होते, आणि माझ्याच्याने त्या खुर्चीत बसवेना.

फ्रेम करून, कागदात बांधून, पेरुंगुडीच्या माझ्या घरून रिक्षाने मी काल तुझ्या घरी आले. दारात एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, सडपातळ. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "विद्या अक्का? वांगो, वांगो." या, या. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. आत गेले तर भिंतीवर तुझा फोटो. तोच, दारातल्या उजेडातला. हार घालून, दिवा लावून, अगदी नीट टांगलेला. मी पार्सल पदराआड धरून उभी राहिले.

गोपाळअण्णा जवळ आला. "बैस गं. फोटो चांगला झाला ना? आमची सेल्वी केली. सरांकडून सीडी मागून घेतलों. अक्काच सांगून गेली होती, हाच फोटो लावायचा, आणि तो सेल्वी करील म्हणून."

सेल्वी. एग्मोर स्टेशनच्या मागे एका स्टुडिओत काम करते. तू शनिवारी दुपारी एग्मोरला जायचीस ती डोळे तपासायला असं मी समजत होते, अक्का. इतकी वर्षं कुणाचे डोळे इतके तपासतात? तू तिच्या शेजारी बसून तिला शिकवत होतीस. आठवडाभर माझ्याशी भांडायचीस आणि शनिवारची दुपार तिला द्यायचीस. एखाद्या बाईला नवऱ्याचं दुसरं घर कळावं तसं मला झालं. हसू नकोस.

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, अक्का काय शिकवायची? सेल्वी डोळे पुसत हसली. "अक्का सोल्लुवांग, निवळ पण्णुन्नु." अक्का सांगायची, निवळ कर. पहिल्या दिवशी तिला वाटलं हे कॉम्प्युटरमधलंच कुठलं बटण. सगळ्या मेन्यूत शोधत बसली होती म्हणे, निवळ कुठे आहे, निवळ कुठे आहे. सगळी बसलेली माणसं हसली. मला हसू आलं नाही. तो शब्द आपला होता. माझ्या चुकीतून निघालेला होता. तिचीही त्याच शब्दावर पहिल्या दिवशी चूक व्हावी आणि तिलाही तू तितकंच हसून समजावलेलं असावंस, हे मला सहन होईना. दुसरं काहीही दिलं असतंस तिला तरी चाललं असतं.

मग मी उठले आणि त्या फोटोत खोट काढायला जवळ गेले. खरं तेच सांगते. लगेच सापडली. तिने मागचा अंधार उघडला होता आणि त्यात दाणे आले होते, निळसर, खरबरीत. त्या कॅमेऱ्याचा अंधार तेवढा ताणला की दाणे येणारच. माझ्या हातून असा प्रिंट बाहेर गेला नसता. मला जरा बरं वाटलं. मी चष्मा पुसला आणि आणखी जवळ गेले.

दाण्यांत खांबाची कड होती. खांबापलीकडे मॉनिटरचा डबा होता. आणि डब्यामागे खुर्चीत मी होते.

सेल्वी शेजारी आली आणि हळूच म्हणाली, त्यावरूनच तुम्हाला दारात ओळखलं. पुढचं ती तमिळमधून भराभर बोलली, ते मला नीट समजलं नाही. गोपाळअण्णाने आपल्या भाषेत सांगितलं. "अक्का तिला बोलली होती, मागं आमची विद्या बसलेली आहे. तिच्याकडं दिलं तर ती स्वतःला काळं करून टाकील, तिला ठाऊकसुद्धा व्हायचं नाही. म्हणून तूं कर, आणि निवळ कर. दाणे आले तर येऊं दे."

पार्सलात काय आहे असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, माझं सामान आहे. ते परत घरी आणलंय, सोडलेलं नाही. त्यात तू एकटी आहेस.

मी अजून जळतेच आहे. सेल्वीवर, तिच्या शनिवारांवर, आणि तुझ्यावर तर सगळ्यात जास्त, कारण भांडण तू जिंकलीस आणि उत्तर द्यायला मला जागा ठेवली नाहीस. या शनिवारी मी एग्मोरला जाणार आहे. तिला ते दाणे घालवता येत नाहीत, मला ते येतं. मला निवळता येत नाही. बघू कोण कुणाला काय दाखवतं ते.

पण एक विचारायचं होतं, अक्का, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू? त्या फोटोत सर कॅमेऱ्यामागे आहेत, तू कॅमेऱ्याकडे बघतेयस, आणि मी मागून तुझ्याकडे बघतेय. तुझ्याकडे बघताना माझं तोंड वाकडं होत असणार, डोळे बारीक होत असणार, असं मी इतकी वर्षं धरूनच चालले होते. काल सगळे जेवायला बसल्यावर मी स्टुलावर चढले आणि पुन्हा नीट बघितलं. तसं नाही दिसत गं. तुला ते आधीपासून ठाऊक होतं का?